पत्त्यांतला गुलाम आणि अमेरिकेतली यादवी

अमेरिकेतल्या १८६१-६५ च्या युद्धाला 'यादवी' म्हणायचं की 'गृहयुद्ध', असं विचारलंय. 'यादवी' म्हणा. 'गृहयुद्ध' हिंदीतून आलंय, आणि 'नागरी युद्ध' म्हणजे शब्दाला शब्द ठेवून केलेलं भाषांतर. मात्र प्रभासक्षेत्री यादव दारूच्या नशेत एकमेकांची उणीदुणी काढत तुटून पडले, तसलं हे भांडण नव्हे. 'राज्यांच्या हक्कांवरून भाऊ भाऊ भांडले' हे वाक्य ऐकलं की माझा संताप होतो. कसले हक्क? मिसिसिपी या दक्षिणेतल्या राज्याने १८६१ च्या जानेवारीत अमेरिकेतून फुटून निघताना जाहीरनाम्याच्या सुरुवातीलाच सांगून टाकलं की आमची भूमिका गुलामगिरीशी पूर्णपणे जोडलेली आहे. १८६० च्या शिरगणतीत त्या देशात साडेएकोणचाळीस लाख गुलाम होते! जोतीरावांना हे पुण्यात बसून कळलं होतं. १८७३ मध्ये त्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना सोडवणाऱ्या अमेरिकनांनाच.

आता 'गुलाम' शब्दच बघा. अरबीत गुलाम म्हणजे मिसरूड फुटू लागलेला पोरगा. कुराणात झकेरिया या प्रेषिताला मुलगा होणार असल्याची सुवार्ता मिळते, तिथेही हाच शब्द आहे. पत्त्यांतल्या गुलामाला इंग्रजीत जुनं नाव 'नेव्ह', आणि त्याचाही मूळ अर्थ पोरगाच! जर्मनमध्ये मुलाला अजून 'क्नाबऽ' म्हणतात. ग्रीक 'पाइस', लॅटिन 'पुएर' यांचेही दोन्ही अर्थ: मुलगा आणि गुलाम.

लहानपणीच विकत घेत म्हणून हा अर्थ आला, असं काही जाणकार सांगतात. मला साफ अमान्य. मग अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मळ्यांवर चार लेकरांच्या बापालाही मालक 'बॉय' का म्हणत? केस पिकले तरी हॉटेलातला 'पोऱ्या' पोऱ्याच का राहतो? ज्याला कधी मोठा होऊ द्यायचं नाही, त्याला पोर म्हणायचं. माझ्या मते सगळी व्युत्पत्ती एवढ्यात आली.

मालकांना खरा शब्द नकोच असतो. १७८७ च्या अमेरिकन संविधानात 'गुलाम' हा शब्द कुठेही नाही. 'इतर व्यक्ती', 'सेवेस बांधलेली व्यक्ती' असं लिहून वेळ मारून नेलीय. फुटीर राज्यांनी १८६१ मध्ये स्वतःचं संविधान केलं, त्यात मात्र निग्रो गुलामांवरच्या मालकीहक्काला धक्का लावणारा कायदा होणार नाही, असं थेट कलम घातलं. मूळ संविधानात 'गुलामगिरी' हा शब्द आला तो युद्ध संपल्यावर, १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीत, ती बंद करताना.