व्हिमच्या मदतीला प्रश्न कसा विचारावा?

(उत्तरांतील आज्ञा आमच्या छपाईच्या सोयीसाठी देवनागरीत दिल्या आहेत, प्रत्यक्षात त्या रोमन लिपीत टंकाव्यात.)

प्रश्न : मी काही महिन्यांपासून व्हिम हा टेक्स्ट एडिटर वापरते. परवा एका इंग्रजी मजकुरातील चार ओळी निवडलेल्या असताना आधीचा बदल मागे घ्यावा म्हणून ‘यू’ दाबले, तर बदल मागे न जाता त्या ओळींतील सगळी मोठी अक्षरे लहान झाली. मदतीत ‘यू’ शोधले, तर तेथे बदल मागे घेण्याचीच माहिती मिळाली. मदत चुकीची आहे की माझे शोधणे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मदत बरोबर आहे आणि आपली शंकाही रास्त आहे. व्हिममध्ये एकाच कळीचा अर्थ आपण कोणत्या मोडमध्ये, म्हणजे कामाच्या कोणत्या अवस्थेत, आहोत यावर ठरतो. नॉर्मल मोडमध्ये ‘यू’ म्हणजे बदल मागे घेणे. पण ओळी निवडल्या की आपण व्हिज्युअल मोडमध्ये जातो, आणि तेथे तीच कळ निवडलेली अक्षरे लहान करते. आपण मदतीला कळ सांगितली, मोड सांगितला नाही, म्हणून तिने नॉर्मल मोडचे पान उघडले. ‘:हेल्प व्ही_यू’ असे विचारले असते, तर नेमके तेच वाक्य समोर आले असते. इन्सर्ट, म्हणजे मजकूर टंकण्याच्या, मोडमधील कळीसाठी याच रीतीने आधी ‘आय_’ आणि आज्ञेच्या ओळीवरील कळीसाठी ‘सी_’ लावावे. (त्या चार ओळींपुरते सांगायचे, तर अक्षरे लहान झाल्यावर व्हिम आपोआप नॉर्मल मोडमध्ये परततो, त्यामुळे लगेच आणखी एकदा ‘यू’ दाबले असते तरी मोठी अक्षरे परत आली असती.)

मदतीतील प्रत्येक विषयाला असे ठरलेले नाव आहे, आणि ते नाव कसे बनते हे एकदा कळले की निम्मे शोधणे संपते. कोलनने सुरू होणारी आज्ञा कोलनसह विचारावी, सेटिंगचे नाव एकेरी अवतरणात घालावे आणि फंक्शनच्या नावापुढे रिकामा कंस द्यावा. ही चिन्हे शोभेची नाहीत. ‘:हेल्प :नंबर’ असे विचारले, तर ओळी त्यांच्या क्रमांकासह छापून दाखवणाऱ्या आज्ञेची माहिती मिळते. तोच शब्द अवतरणात घातला, तर डाव्या कडेला ओळींचे क्रमांक कायम दिसावेत यासाठीची सेटिंग मिळते. नवख्या माणसाला बहुधा दुसरी गोष्ट हवी असते, तो पहिलीपाशी पोहोचतो आणि मदत निरुपयोगी आहे असे समजून उठतो, याचे मला फार वाईट वाटते.

चूक दाखवणाऱ्या संदेशांनाही नावे आहेत. फाइल न साठवता बाहेर पडू लागलो की ‘ई३७’ हा क्रमांक दिसतो. ‘:हेल्प ई३७’ टंकले की कळते : फाइलमध्ये न साठवलेले बदल आहेत आणि केलेले काम वाया जाऊ नये म्हणून व्हिमने आपल्याला अडवले आहे, बदल खरोखरच नको असतील तर त्याच आज्ञेपुढे उद्गारचिन्ह द्यावे. संदेशातील शब्द इंटरनेटवर टाकून कोणाच्या तरी जुन्या आवृत्तीचे उत्तर वाचण्यापेक्षा हे कितीतरी भरवशाचे, कारण ही मदत आपल्या संगणकावरील आवृत्तीबरोबरच आलेली असते.

प्रश्न : नाव माहीत असेल तर ठीक, पण नावच ठाऊक नसेल तर काय करावे? मला मजकुराची नक्कल करून दुसरीकडे चिकटवायची होती. ‘कॉपी’ शोधून समाधान झाले नाही.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : अडचण व्हिमच्या शब्दसंग्रहाची आहे, आपल्या इंग्रजीची नव्हे. येथे नक्कल करण्याला ‘यँक’ म्हणतात आणि चिकटवण्याला ‘पुट’. यामागचे कारण मदतीतच प्रांजळपणे दिले आहे : ‘सी’ ही कळ मजकूर बदलण्याच्या आज्ञेने आधीच घेतलेली होती, ‘वाय’ मोकळी होती, आणि ‘वाय’ लक्षात राहावी म्हणून ‘यँक’ हा शब्द धरला. हे सारे ‘:हेल्प ०४.६’ येथे वाचावे.

त्या क्रमांकामुळे एक महत्त्वाचा भेद कळतो. व्हिमच्या मदतीचे दोन भाग आहेत : एक सोप्या क्रमाने शिकवणारी वापर-पुस्तिका, आणि दुसरा प्रत्येक बारकावा नोंदवणारा संदर्भग्रंथ. आपण शब्द टाकला की बहुधा संदर्भग्रंथात उतरतो, जेथे लेखक वाचकाला बरेच ठाऊक आहे असे धरून चालतो. म्हणून नवीन विषयासाठी आधी ‘:हेल्प यूझर-मॅन्युअल’ उघडून अनुक्रमणिका पाहावी. उभ्या दोन रेघांमध्ये लिहिलेल्या शब्दावर कर्सर नेऊन कंट्रोल आणि उजवा चौकटी कंस दाबला की त्या विषयावर जाता येते, आणि कंट्रोल-टीने परत येता येते. मदत कशी शोधावी याचेच प्रकरण ०२.८ आहे, ते अर्धा तास देऊन वाचावे, असा माझा आग्रह आहे.

अर्धवट शब्द आठवत असेल तर ‘:हेल्प फोल्ड’ एवढे टंकून एंटर न दाबता कंट्रोल-डी दाबावे. तो शब्द असलेली सगळी नावे खाली दिसतात. काहीच आठवत नसेल तर ‘:हेल्पग्रेप’ आहे. ही आज्ञा नावांत न शोधता मदतीच्या सगळ्या फाइलींच्या मजकुरात शोधते. पहिली जागा उघडते, पुढची पाहण्यासाठी ‘:सीनेक्स्ट’ आणि सगळ्या जागांची यादी हवी असल्यास ‘:सीओपन’ द्यावे. निकाल शेकड्याने आले, तर शब्द अधिक नेमका करावा.

प्रश्न : आमच्या सर्व्हरवर ‘:हेल्प’ दिले तरी मदत मिळत नाही. असे का?
– एक वाचक, पणजी

उत्तर : काही लिनक्स यंत्रणांवर व्हिमची अगदी छोटी आवृत्ती बसवलेली असते आणि जागा वाचवण्यासाठी तिच्यातून मदतीच्या फाइली वगळलेल्या असतात. डेबियनवर या आवृत्तीचे नाव ‘व्हिम-टायनी’ आहे. व्यवस्थापकांना पूर्ण ‘व्हिम’ पॅकेज बसवण्याची विनंती करावी; त्यासोबत मदतीच्या फाइली येतात. तोवर आपल्या स्वतःच्या संगणकावरील मदत शेजारी उघडून ठेवावी, मात्र दोन्हीकडे ‘:व्हर्जन’ देऊन आवृत्ती एकच आहे ना, हे आधी पडताळून घ्यावे.