'हूझर' हे बिरुद की शिवी?

प्रश्न असा आला आहे : अमेरिकेतल्या इंडियाना राज्याचे रहिवासी स्वतःला अभिमानाने 'हूझर' म्हणवून घेतात, पण सेंट लुइसमधल्या एका मजकुरात तोच शब्द शिवीसारखा वापरलेला दिसला. मग अर्थ कोणता धरायचा, आणि मराठीत काय लिहायचं?

अर्थ दोन्ही खरे आहेत. वाक्य कुठल्या गावच्या माणसाच्या तोंडी आहे ते आधी बघावं लागतं. इंडियानात हा शब्द राज्याच्या रहिवाशाचं नाव आहे. तिथल्या विद्यापीठाचे संघ याच नावाने खेळतात आणि राजकारणी भाषणाची सुरुवात याच शब्दाने करतात. अमेरिकी सरकारच्या मुद्रण कार्यालयाच्या लेखन-नियमावलीत पूर्वी राज्याच्या नावाला प्रत्यय लावून केलेलं नाव होतं. जानेवारी २०१७ मध्ये त्याजागी अधिकृतपणे 'हूझर' आलं. मध्ये फक्त इलिनॉय राज्य ओलांडून मिझुरीतल्या सेंट लुइसला गेलात, की हाच शब्द गावंढळ, आडदांड, शिस्त नसलेल्या गोऱ्या माणसाला हिणवण्यासाठी येतो. तिथे त्याचा इंडियानाशी संबंध उरत नाही. शेजारच्या गल्लीतला माणूसही 'हूझर' असू शकतो. इंग्रजीत इंडियानाचा हूझर मोठ्या लिपीतल्या अक्षराने सुरू होतो आणि सेंट लुइसचा बहुधा लहान अक्षराने. देवनागरीत ही खूण पुसली जाते, म्हणून अनुवादकाने मूळ मजकूर डोळ्यांनी तपासलाच पाहिजे.

व्युत्पत्तीबद्दल बऱ्याच दंतकथा सांगितल्या जातात. दारावर थाप पडली की पूर्वीचे वसाहतकरी 'हूज हिअर?' असं ओरडत, त्यावरून हा शब्द आला, असं एक मत. हूझर आडनावाचा एक कंत्राटदार इंडियानाचेच मजूर पसंत करी, असं दुसरं. या दोन्ही गोष्टी इंडियानाजवळच सुरू होतात आणि तिथेच अडतात. कारण दक्षिणेकडच्या राज्यांत रानवट, अडाणी गोऱ्या खेडुताला 'हूझर' म्हणायची जुनी रीत होती, आणि त्या खेडुताचा इंडियानाशी काडीचा संबंध नसे. जी व्युत्पत्ती हा वापर समजावू शकत नाही, ती बाजूला ठेवलेली बरी. जेकब पायट डन या इतिहासकाराने उत्तर इंग्लंडमधल्या कंबरलंड बोलीतल्या 'हूझर' या शब्दाकडे बोट दाखवलं. तिथे त्याचा अर्थ अवाढव्य वस्तू किंवा टेकाड असा होता. हे मत सिद्ध झालेलं नाही, पण शब्द आधी दक्षिणेत पोचला आणि मग उत्तरेकडे सरकला, या वाटेशी तेच सर्वात जुळतं. १ जानेवारी १८३३ रोजी इंडियानापोलिसच्या एका वर्तमानपत्रात जॉन फिनली यांची 'द हूझर्स नेस्ट' ही कविता छापून आली आणि शब्दाला प्रतिष्ठा मिळाली. तिथून पुढे इंडियानाच्या लोकांनी तो कधी सोडला नाही.

बाहेरच्यांनी हिणवावं आणि घरच्यांनी तेच नाव मिरवावं, हे अमेरिकेत वारंवार घडलं आहे. ओक्लाहोमाचं उदाहरण तर फार बोलकं आहे. २२ एप्रिल १८८९ रोजी भर दुपारी बारा वाजता तिथली सरकारी जमीन वसाहतीसाठी खुली झाली. जो आधी पोचेल त्याला १६० एकर. ठरल्या वेळेआधीच जे चोरून आत शिरले ते 'सूनर', आणि कायद्याने त्यांचा हक्क बाद होत होता. १९०८ मध्ये विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने हेच नाव घेतलं आणि आज ते राज्याचं लाडकं टोपणनाव आहे. त्याच राज्याच्या रहिवाशांचं दुसरं नाव 'ओकी'. हे मुळात नुसतं लघुरूप होतं. १९३० च्या दशकात दुष्काळ आणि धुळीच्या वादळांमुळे लोक कॅलिफोर्नियाकडे निघाले आणि तिथे त्याची शिवी झाली. टेक्सास, अर्कान्सा, मिझुरी कुठूनही आलेल्या कफल्लक कुटुंबाला सरसकट 'ओकी' म्हणत. फेब्रुवारी १९३६ मध्ये तर लॉस एंजेलिसच्या पोलीसप्रमुखाने अशा लोकांना परतवायला शंभराहून अधिक पोलीस थेट राज्याच्या सीमांवर पाठवले होते. हा अपमान ज्यांच्या आजी-आजोबांनी सोसला, त्यांच्यापुढे बाहेरच्याने हा शब्द सहज उच्चारू नये.

मराठी लेखकाला सर्वात जास्त फसवतो तो मात्र 'यांकी'. आपल्याकडे तो कुठल्याही अमेरिकन माणसाला लावतात. खुद्द अमेरिकेत दक्षिणेकडच्यांसाठी यांकी म्हणजे उत्तरेकडचा, आणि उत्तरेत तो फक्त न्यू इंग्लंडचा, म्हणजे ईशान्य टोकाच्या राज्यांतला. अलाबामाच्या माणसाला यांकी म्हटलं तर ते चूकच, वर त्याला झोंबणारंही.

आता लेखनाबद्दल. उच्चार 'हूझिअर' असा तीन तुकड्यांत नाही. 'मेझर', 'ट्रेझर' मधला झ घेऊन 'हूझर' लिहावं. अनेकवचनात इंग्रजी 'स' नको. 'हूझर आले', 'हूझरांनी' असं मराठी वळण चालतं. पहिल्या उल्लेखात 'इंडियानाचे रहिवासी, म्हणजे हूझर' असा खुलासा करावा. सेंट लुइसच्या अर्थासाठी 'गावंढळ' पुरतं. तिथे 'घाटी' लिहायचा मोह होतो, कारण तोही जागेवरून पडलेला आणि मुंबईत हिणवण्यासाठी वापरलेला शब्द आहे. पण त्याने वाचक थेट सह्याद्रीत पोचतो, म्हणून तो टाळावा. 'ओकी' नुसता लिहिला तर मराठीत उलटीचा अर्थ आधी डोळ्यांपुढे येतो. तो अवतरणचिन्हांत, एकदाच द्यावा आणि पुढे 'ओक्लाहोमाकडचे स्थलांतरित' असं लिहावं. माणूस टेक्सासचा असेल तर तेवढंही नको, नुसतं 'दुष्काळी स्थलांतरित' पुरे.