कम्युनिस्ट राजवटीतल्या हताश माणसांवरचा एखादा पोलिश क्राइम ड्रामा सुचवाल का?

तुम्ही लिहिलंय की हल्लीच्या दोन-तीन पोलिश मालिका पाहून झाल्या, आता त्या काळातच काढलेलं काहीतरी हवंय. मग माझ्याकडे एकच नाव आहे: दिग्दर्शक क्शिश्तोफ किश्लोव्स्कीचा 'क्रुत्की फिल्म ओ झाबियान्यू' (१९८८). मारण्याविषयीचा एक छोटा चित्रपट, असा त्या नावाचा सरळ अर्थ. जेमतेम दीड तासाचा आहे, पण रात्री जेवण झाल्याझाल्या लावू नका. मी लावला होता.

खुनी कोण, हे यात शोधायचं नाही, त्यामुळे गोष्ट सांगून टाकतो. वॉर्सामध्ये तीन माणसं आपापल्या वाटेने फिरताना दिसतात. यात्सेक हा खेड्यातून आलेला, वीस-एकवीस वर्षांचा, ना काम ना ठिकाण. दुसरा मध्यमवयीन टॅक्सीवाला. तिसरा पिओत्र, नुकताच वकील झालेला, त्या आनंदात तरंगणारा. यात्सेक टॅक्सीवाल्याला मारतो आणि सरकार यात्सेकला मारतं. बस, एवढंच.

तुम्हाला 'राजवट' बघायची असेल तर आधीच सांगतो, पोस्टर, भाषणं, बूट वाजवत येणारे पोलीस वगैरे इथे काही नाही. तरी ती प्रत्येक चौकटीत आहे. मांससुद्धा रेशन कार्डावर मिळायचं असा तो काळ. अशा शहरात टॅक्सी हातात असणं म्हणजे केवढा रुबाब! एक जोडपं थंडीत कुडकुडत या टॅक्सीवाल्याची गाडी धुऊन व्हायची वाट बघत उभं असतं, आणि हा त्यांना तसंच टाकून निघून जातो. आणि हाच माणूस थांबून एका भटक्या कुत्र्याला आपलं सँडविच घालतो. सगळे एकमेकांवर असेच बारीकसारीक सूड उगवत असतात. सत्तेतल्यांवर राग काढता येत नाही ना, मग शेजारच्यावर. कॅमेरामन स्वावोमिर इजाकने वापरलेल्या हिरव्या फिल्टर्समुळे सगळं शहर शेवाळ धरल्यासारखं दिसतं. आपल्याला हिरवा म्हटला की पावसाळा आठवतो, इथे मात्र किळस येते.

खुनाचा प्रसंग सातेक मिनिटं चालतो. दोरी, मग दगड. माणूस मारणं किती कष्टाचं काम आहे, हे मला तोवर कुठल्याच सिनेमाने दाखवलं नव्हतं. आणि नंतर तेवढ्याच थंडपणे फाशीची तयारी: जल्लाद येतो, कोट अडकवतो, कप्पी फिरते का ते बघतो, खाली ट्रे ठेवला जातो. ऑफिसातला माणूस सकाळी टेबल पुसतो ना, तसं.

हा चित्रपट मुळात कुठून आला, ते मला त्याहून भारी वाटतं. डिसेंबर १९८१मध्ये पोलंडात लष्करी कायदा लागला. भिंतीवर काही लिहिलं, पत्रकं सापडली, एवढ्यावर लोकांना तुरुंगात धाडत होते. किश्लोव्स्कीला कोर्टातल्या अशा खटल्यांवर माहितीपट करायचा होता. परवानगी मिळाली, कॅमेरा लावला, आणि गंमत म्हणजे न्यायाधीश शिक्षाच देईनात! अन्याय करतानाचा आपला चेहरा फिल्मवर कोणाला हवा असेल? मग वकीलच त्याला बोलवू लागले, आमच्याही खटल्याला ये म्हणून. शेवटी दुसरा कॅमेरा आणला, त्यात फिल्मही नव्हती, नुसता धाक. माहितीपट बारगळला, पण तिथेच त्याची गाठ वकील क्शिश्तोफ पिएसेविचशी पडली. पुढे दोघांनी मिळून हे लिहिलं. खुनाच्या प्रसंगात सातेक मिनिटं कॅमेरा नजर का वळवत नाही, ते मला हे कळल्यावर उमगलं.

फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात १९८८ला ज्युरी पारितोषिक मिळालं. पोलंडमधली शेवटची फाशीही त्याच वर्षी, एप्रिलमध्ये. चित्रपटामुळे फाशी बंद झाली असं बरेच जण ठोकून देतात; मला ते जरा जास्तच वाटतं, राजवटच मोडकळीला आली होती. कायद्यातून फाशी गेली १९९७च्या नव्या दंडसंहितेत.

किश्लोव्स्कीच्याच 'डेकालॉग' या टीव्ही मालिकेचा पाचवा भाग म्हणजे याचीच आखूड आवृत्ती. तो नको, पूर्ण बघा. पहिला अर्धा तास कंटाळा येईल, उठू नका, आणि फोटोच्या दुकानातल्या प्रसंगाकडे नीट लक्ष द्या. यात्सेक खिशातून आपल्या लहान बहिणीचा चुरगळलेला फोटो काढतो आणि मोठा करून मागतो. मग काउंटरवरच्या बाईला विचारतो, फोटोवरून कळतं का हो, माणूस जिवंत आहे की नाही? तेव्हा वाटतं, काय विचित्र पोरगा आहे. ती बहीण कशी गेली, हे तो सांगतो अगदी शेवटी, फाशीआधी, वकिलाला. दारू प्यायलेल्या मित्राच्या ट्रॅक्टरखाली. दोघं बरोबरच प्यायले होते.

तो फोटो तेवढा दुकानातून आणून आईला द्या, म्हणतो.