दुसऱ्यांच्या गल्ल्याचा हिशोब

प्रश्न : मी कोल्हापुरात बी.एस्सी. (सांख्यिकी) दुसऱ्या वर्षाला आहे. टेलर स्विफ्ट, एल्टन जॉन, एड शीरन हे गायक आणि यू टू हा बँड यांच्या जगभरातल्या दौऱ्यांची कमाई एक्सेलमध्ये मांडून मी 'सर्वांत मोठं कोण' अशी क्रमवारी लावली आहे. शीट सोबत जोडते. या आवडीतून नोकरी मिळेल का? की चार लाख भरून इव्हेंट मॅनेजमेंटचा डिप्लोमा करू? आई म्हणते, "दुसऱ्यांच्या गल्ल्याचा हिशोब करून तुझं पोट भरणार आहे का?"

उत्तर : आईला सांग, सगळे सीए तेच करून पोट भरतात.

तुझी शीट बारकाईनं पाहिली. आकडे बरोबर आहेत, शीर्षक चुकलंय. कमाईच्या उतरत्या क्रमानं नावं लावलीस, त्यात यू टू तळाला गेले : 2009 ते 2011, 110 प्रयोग, सुमारे 73.6 कोटी डॉलर. पण तिकिटं 72 लाखांवर विकली गेली होती. भागाकार कर. रात्रीला 66 हजार माणसं! एल्टन जॉनच्या निरोपाच्या दौऱ्यानं जवळपास 94 कोटी डॉलर मिळवले, पण त्यासाठी 2018 ते 2023 या काळात 330 प्रयोग केले आणि तिकिटं साधारण 60 लाख. रात्रीला 18 हजारांच्या आसपास. मग गर्दी खेचणारा मोठा कोण?

उत्तर द्यायची घाई करू नकोस, कारण हा भागाकारही फसवतो. एल्टन जॉनचे बरेचसे प्रयोग बंदिस्त सभागृहांत झाले. 18 हजार खुर्च्यांच्या जागेत 18 हजारच बसणार. बाहेर किती जण हळहळत परतले ते तुझ्या रकान्यात येत नाही. यू टूंनी त्या दौऱ्यात रंगमंच चारी बाजूंनी उघडा ठेवला होता, म्हणून एरवी मंचाच्या मागे वाया जाणाऱ्या जागाही विकता आल्या. म्हणजे सरासरीत कलाकाराच्या ओढीबरोबर सुताराचाही वाटा आहे. आणि तो फुकट नव्हता. त्या अवाढव्य पोलादी सांगाड्याचे तीन संच होते. एकावर प्रयोग चालू असताना बाकीच्यांची पुढच्या शहरांत उभारणी किंवा मागच्या शहरात उतरवणी. गल्ला आणि शिल्लक यांतलं अंतर तिथे कळतं. तुझ्या शीटमध्ये खर्चाचा रकानाच नाही. बाहेरच्या माणसाला तो सहसा मिळतही नाही, म्हणून 'कमाई' असं न लिहिता 'तिकीटविक्री' लिही.

आता दर. एड शीरनच्या 2017 ते 2019च्या दौऱ्यात 88 लाखांवर तिकिटं गेली, विक्री 77.6 कोटी डॉलर. तिकीट सरासरी 87 डॉलरला पडलं. टेलर स्विफ्टच्या 'एराज' दौऱ्याचे 149 प्रयोग, एक कोटी एक लाखावर प्रेक्षक, 207 कोटी डॉलरहून जास्त विक्री. तिकीट 204 डॉलर. प्रेक्षक शीरनपेक्षा थोडेच जास्त, विक्री अडीच पटीहून जास्त. त्यातला थोडा भाग महागाईचाही आहे, तो वजा केलेला दिसत नाही. शिवाय 'एराज'चा अंतिम आकडा तिच्याच कंपनीनं दौरा संपल्यावर जाहीर केला, बाकीच्यांचे बॉक्सस्कोअरमधले, म्हणजे बिलबोर्ड या अमेरिकी संगीत नियतकालिकाच्या तिकीटविक्रीच्या नोंदींतले. 'आकडा कोणी दिला' हा रकाना सांख्यिकीच्या विद्यार्थिनीकडून मला पहिल्याच दिवशी अपेक्षित होता.

हे सगळं नोकरीशी कुठे जुळतं? नारायणगावला पाडव्याच्या सुमारास तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे कारभारी येतात, जत्रेची तारीख सांगतात, फड सुपारीचा आकडा सांगतो. तोच फड, पण ऐन जत्रांच्या तारखेला भाव वेगळा. सुपारीत पैसा ठरलेला, तिकिटावरच्या खेळात धोका फडमालकाचा. मोठ्या कॉन्सर्टचा करारही याच दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी होतो : कलाकाराला किमान हमी, वर विक्रीत हिस्सा. ती हमी किती द्यायची, कोणत्या शहरात, किती दरानं, एक प्रयोग की दोन, हे कोणाला तरी आधी सांगावं लागतं. सप्टेंबर 2024मध्ये कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या भारतातल्या प्रयोगांच्या तिकिटांसाठी ऑनलाइन रांगेत एक कोटीहून जास्त जण होते म्हणतात. एकाच घरातले चार फोन त्यात किती वेळा मोजले गेले असतील? तरी नवी मुंबईत तिसरा प्रयोग वाढवला आणि पुढे अहमदाबादला एक लाखाच्या स्टेडियमवर दोन झाले. रांगेतलं खरं गिऱ्हाईक किती, हे ओळखणाऱ्याला पगार मिळतो.

ही कामं तिकीट विकणाऱ्या कंपन्यांत, आयोजकांकडे आणि मोठ्या स्टेडियमच्या कार्यालयांत असतात, बहुतेक मुंबई-दिल्लीत. जागा थोड्या आहेत, हे लपवत नाही. हंगाम मुख्यतः ऑक्टोबर ते फेब्रुवारी, त्यामुळे सुरुवातीला बरीच कामं कंत्राटी. पण मागणीचा अंदाज आणि दर ठरवणं हेच काम विमान कंपन्या आणि हॉटेलं वर्षभर करतात, तेव्हा उपाशी राहणार नाहीस. डिप्लोमा आत्ता नको. चार लाखांत तुला प्रामुख्यानं मांडव, परवानग्या आणि पाहुण्यांची सरबराई शिकवतील. ते प्रत्यक्ष कामावर फुकट शिकता येतं. पदवी पूर्ण कर, एसक्यूएल (साठवलेल्या माहितीतून हवे ते आकडे काढायची संगणकी भाषा) आणि काळानुसार बदलणाऱ्या आकड्यांचं विश्लेषण पक्कं कर.

आणि एक काम लगेच. तुमच्या भागात लागणाऱ्या नाटकांच्या आणि गाण्यांच्या वीस प्रयोगांचा बुकिंगचा ऑनलाइन प्लॅन रोज एकाच वेळी बघ. वार, दर, पहिल्या दोन दिवसांत गेलेल्या खुर्च्या, शेवटच्या दिवसाची स्थिती, सगळं टिपून ठेव. आयोजकानं राखून ठेवलेल्या खुर्च्याही विकल्यासारख्याच दिसतात, म्हणून चार-पाच प्रयोगांना स्वतः जा आणि पडदा उघडायच्या आधी मागे वळून रिकाम्या खुर्च्या मोज. आईलाही ने, एक बाजू ती मोजेल. ती शीट मला पाठव.