हाफटाइमसाठी मध्यंतर की मध्यांतर?

'द आर्सेनल स्टेडियम मिस्टरी' या १९३९ च्या, फुटबॉल सामन्याभोवती घडणाऱ्या इंग्रजी रहस्यपटाची सबटायटल्स मराठीत करताना तुम्हाला अडचण आली आहे: हाफटाइमला 'मध्यंतर' लिहायचं की 'मध्यांतर'? आणि वाचणाऱ्याला ते सिनेमाचं मध्यंतर तर वाटणार नाही ना?

बेधडक 'मध्यंतर' लिहा. संधीचा नियम लावला तर मध्य आणि अंतर मिळून 'मध्यांतर' व्हायला हवं हे खरं, आणि हिंदीत तेच रूढ आहे. मराठीच्या जिभेवर मात्र 'मध्यंतर' बसलं आहे. 'मध्यांतरी तो भेटला होता' असं आपल्यात कोणी म्हणतं का? स्थलांतर, रूपांतर, वेषांतर यांत 'आ' टिकला, मग इथेच का नाही, असं तुम्ही विचाराल. त्याचं कारण मला ठामपणे सांगता येत नाही, पण एक फरक मला फार आवडतो. त्या तिन्ही शब्दांत 'अंतर' म्हणजे 'दुसरं': दुसरं स्थळ, दुसरं रूप, दुसरा वेष. मध्यंतरातलं 'अंतर' म्हणजे मधली मोकळी जागा, अवधी. दिसायला एक, पण वेगळ्या घरचा शब्द.

आता गोंधळाची भीती. आपल्याकडे हा शब्द नाटक-सिनेमाइतकाच मैदानावरही वावरतो. कबड्डीच्या बातमीत 'मध्यंतराला सहा गुणांची आघाडी' हे आपण कायम वाचतो. फुटबॉलचं वेड असलेल्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर बोलताना 'हाफटाइम' म्हणतील, पण छापताना पूर्वार्ध, मध्यंतर, उत्तरार्ध हेच येतं. क्रिकेटला तो लागत नाही, तिथे विश्रांतीची नावं उपाहार आणि चहापान अशी खाण्यापिण्यावरून पडली आहेत.

शिवाय तुमच्या चित्रपटात प्रसंगच अर्थ सांगतो. लंडनमधल्या हायबरीच्या मैदानावर आर्सेनल या फुटबॉल क्लबची गाठ ट्रोजन्स या काल्पनिक हौशी संघाशी पडते आणि ट्रोजन्सचा एक खेळाडू खेळता खेळता कोसळून मरतो. सामन्याची दृश्यं ६ मे १९३९ च्या खऱ्या लढतीत टिपलेली, आर्सेनल विरुद्ध ब्रेंटफर्ड हा दुसरा इंग्लिश क्लब. ब्रेंटफर्डचे खेळाडूच पांढऱ्या शर्टात ट्रोजन्स झाले. मधल्या विश्रांतीत आर्सेनलचे खरे व्यवस्थापक जॉर्ज ॲलिसन आपल्या खेळाडूंना एका गोलच्या आघाडीबद्दल सांगतात. तिथे पडद्यावर 'मध्यंतर' आलं तर पॉपकॉर्न आणायला कोण उठेल? संवादात मात्र, खेळाडूंच्या तोंडी, 'हाफटाइम'च ठेवा. ड्रेसिंगरूममध्ये कोणी 'उत्तरार्ध' म्हणत नाही.

सांभाळायचं ते विभक्तीला. चौकशी करणाऱ्या इन्स्पेक्टर स्लेडच्या तोंडी 'मध्यंतरी कुठे होतात?' असं घातलंत, तर मराठी वाचक 'गेले काही दिवस कुठे होतात?' असं समजेल. तिथे 'मध्यंतरात' लिहा.