वक्ता भावनेला हात घालतोय की तर्काला, हे ओळखायचं कसं?

भाषणातल्या प्रत्येक वाक्यापुढे भावना, तर्क किंवा वक्त्याची पत यांपैकी एक खूण करायची आहे आणि निम्म्या वाक्यांवर दोन-दोन खुणा होताहेत, असं तुम्ही म्हणता. मग तुमचं बरोबर चाललंय. चुकलाय तो वाक्यागणिक एकच खूण मागणारा.

माझं लहानपण नागपुरात, महालातल्या चिटणीस पार्काजवळ गेलं. निवडणुकीच्या दिवसांत भाषणं घरबसल्या कानावर आदळायची. पुढे वक्तृत्व स्पर्धांना परीक्षक म्हणून जाऊ लागलो. पाहतो तर आकडा आला की पोरं 'तर्क' लिहितात, आई-बाप आले की 'भावना'. पण काटोलकडचा एखादा पुढारी 'माझा बापही संत्र्याच्या बागेत राबला' म्हणतो, तेव्हा त्याला तुम्हाला रडवायचं नसतं. मी तुमच्यातलाच, एवढं पटवायचं असतं. ती झाली पत.

मी अदलाबदल करून बघतो. तेच वाक्य दुसऱ्याच्या तोंडी घाला. पोकळ वाटलं तर जोर माणसाचा होता. वक्ता तोच ठेवून समोरचे लोक बदला. थंड पडलं तर जोर भावनेचा. दोन्ही बदलूनही उभं राहिलं आणि पाडायला पुरावाच लागला, तर तर्क. (पत म्हणजे इथॉस, भावना म्हणजे पेथॉस, तर्क म्हणजे लोगॉस. अ‍ॅरिस्टॉटलची ही नावं पेपरात जरूर लिहा, मार्क त्यालाच असतात.)

सरावाला दीक्षेच्या दुसऱ्या दिवशीचं, १५ ऑक्टोबर १९५६ चं बाबासाहेबांचं नागपुरातलं भाषण घ्या. समारंभाला नागपूरच का, याचं उत्तर ते इतिहासातून देतात: नाग लोकांनी बौद्ध धर्म पसरवला. हा तर्क. पण ऐकणाऱ्यांना त्यांचेच पूर्वज सापडताहेत, म्हणून तो नुसता तर्क राहत नाही. हिंदू म्हणून मरणार नाही ही १९३५ ची येवल्याची प्रतिज्ञा पुरी झाल्याचं ते सांगतात. हे दुसऱ्या कोणाच्या तोंडी घालून बघा बरं! आणि मेलेली ढोरं ओढणं सोडल्यानं तुमचं उत्पन्न बुडेल, या आक्षेपावरचं उत्तर मला सगळ्यात आवडतं. आक्षेप घेणाऱ्यांनो, एवढा फायदा असेल तर तुम्हीच ओढा आणि तो घ्या, असा त्यांचा रोख. रचना चोख तर्काची: तुमचंच गणित तुम्हाला लावून दाखवतो. पण ते काम पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्यावर लादलं गेलं, तेच समोर बसलेत. आणि बोलणारा त्यांच्यातलाच. इथे मी तिन्ही खुणा करीन, कोणी मार्क कापले तरी.

तुमचं भाषण कोणतं ते लिहिलं नाहीत. कोणतंही असो, खूण वाक्याला नको, परिच्छेदाला करा: मुख्य एक, जोडीची एक. आणि जोडीची खूण का केली ते एका ओळीत लिहा, परीक्षक तीच ओळ शोधत असतो.