अस्तर वाढत नाहीये, स्टेम सेल घेऊ का?

प्रश्न : डॉक्टर, मी ३३ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी गर्भपात झाला तेव्हा क्युरेटिंग केलं (पिशवी आतून खरवडली), थोडं आत राहिलं म्हणून तीन आठवड्यांनी पुन्हा केलं. तेव्हापासून पाळी जेमतेम दीड दिवस, तीही नुसते डाग. सोनोग्राफीत गर्भपिशवीचं अस्तर ५ मिमीच्या वर जातच नाही. आता एका क्लिनिकमध्ये स्टेम सेल थेरपी सांगतायत, पैसे आधी भरायचेत. घेऊ का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, पैसे अजिबात भरू नका अजून.

गर्भपिशवीच्या अस्तराचे दोन थर असतात, वरचा दर महिन्याला गळतो आणि तळाचा तसाच राहतो, हरळी वरून कितीही कापली तरी मुळं शाबूत असली की फुटतेच ना, तसं. आणि हे सगळं रक्तस्राव चालू असतानाच सुरू होतं बरं का, तळाच्या ग्रंथींच्या तोंडाशी असलेल्या पेशी पसरत जातात आणि पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत उघडी जागा झाकली जाते, व्रण न राहता! आयुष्यात साधारण ४०० वेळा. मला अजूनही याचं नवल वाटतं. २००४ मध्ये मेलबर्नला कॅरोलाइन गार्गेट यांच्या टीमने ऑपरेशनमध्ये काढलेल्या पिशव्यांमधल्या पेशी सुट्या करून वाढवल्या, तर शंभरात एखाद-दुसरीच पेशी स्वतःची वसाहत उभी करू शकली. हीच ती मुळं, स्टेम सेल्स.

गर्भारपणानंतर अस्तर मऊ असतं, तेव्हा दोनदा खरवडलं की तळाचा थरही जाऊ शकतो आणि भिंती एकमेकींना चिकटतात. याला अ‍ॅशरमन सिंड्रोम म्हणतात, तुमची लक्षणं तशीच वाटतायत. म्हणून आधी हिस्टेरोस्कोपी करा, दुर्बिणीतून चिकटलेलं दिसतंही आणि सोडवताही येतं, नंतर अस्तर वाढवणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन देतात. त्याच वेळी टीबीच्या तपासणीसाठी अस्तराचा तुकडा पाठवायला सांगा, आपल्याकडे पिशवीचा टीबी अस्तराची अशीच वाट लावतो आणि पाळी कमी होण्यापलीकडे कधीकधी काहीच जाणवत नाही.

बोन मॅरोच्या म्हणजे हाडांच्या आतल्या मगजाच्या स्टेम सेल वापरून स्पेनमध्ये २०१६ साली छोटा अभ्यास झाला, काहींना फायदा दिसला, पण तुलनेला दुसरा गटच नव्हता. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नियमांप्रमाणे रक्ताचे ठरावीक आजार सोडले तर स्टेम सेल फक्त क्लिनिकल ट्रायलमध्येच देता येतात, थेरपी म्हणून विकता येत नाहीत. त्यामुळे त्या क्लिनिकला ट्रायलचा सीटीआरआय नंबर (देशातल्या ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीतला क्रमांक) लेखी मागा, आणि हिस्टेरोस्कोपीला जाताना दोन्ही क्युरेटिंगचे कागद सोबत ठेवा.